धनगरवाड्यावरच्या कार्यकर्त्यांना वनहक्क दाव्याचं प्रशिक्षण कसं द्यावं

वनहक्क दावा म्हणजे 2006 च्या वनहक्क कायद्याखाली, पिढ्यानपिढ्या वापरात असलेल्या जंगलजमिनीवर हक्क मागणं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याच्या वाड्यांवर प्रशिक्षण दिवाळीनंतरच ठेवा. पावसात वाटा बंद असतात आणि शिवारफेरी निघत नाही.

आधी ग्रामसभेतून दावे घेऊन तपासणारी वनहक्क समिती निवडा: 10 ते 15 सदस्य, त्यात किमान एक तृतीयांश बाया. नावापुरत्या नकोत, पाण्याच्या, सरपणाच्या, हिरड्याच्या जागा त्यांनाच नेमक्या ठाऊक असतात.

धनगर-गवळी अनुसूचित जमातीत नसल्याने त्यांचा दावा 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून जातो. म्हणजे 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. दावे इथंच अडतात, म्हणून निम्मा वेळ पुराव्यांवर घाला. एकाहून अधिक पुरावे हवेत. जुने सरकारी कागद शोधा, पण तेवढ्यावर थांबू नका. देवाचं ठाणं, जुनी विहीर, दफनभूमी, घराचं जोतं हेही पुरावेच आहेत.

वडीलधाऱ्यांचा जबाब प्रत्यक्ष लिहून घ्यायला लावा. जबाब देणारा दावेदार नसावा. "आम्ही पूर्वीपासून राहतो" एवढं पुरत नाही. आज्याचं नाव, गोठा कुठल्या पाणवठ्यावर होता, उन्हाळ्यात म्हसरं कुठं न्यायची, हे विचारा. मग वाचून दाखवा, सही-अंगठा घ्या.

वैयक्तिक दाव्याला अर्जाचा नमुना 'क', चराई-पाण्यासारख्या सामूहिक हक्कांना 'ख', सामूहिक वनसंपत्तीला (गावानं मिळून राखायच्या जंगलाला) 'ग'. अभयारण्यातही वनहक्क कायदा लागू आहे, हे राधानगरीत ठासून सांगा. दावा फेटाळला तर लेखी कारण मागा. अपिलाला 60 दिवस मिळतात. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या.