पाथऑटोचा पॅटर्न लावताय? या चुका टाळा

ड्रुपल या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पाथऑटो (पानांचे वेब-पत्ते आपोआप बनवणारं मॉड्यूल, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर) बसवून टोकनची (पानातली माहिती पत्त्यात भरणाऱ्या खुणांची) यादी उघडली की नव्या माणसाचा हात थांबत नाही. जिल्हा, तालुका, पीक, तारीख, शीर्षक, सगळंच पत्त्यात. दिसायला झकास. निस्तरायला मात्र दुसराच कुणीतरी बसतो.

सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे उद्या बदलू शकेल असं फील्ड (माहितीचा रकाना) पत्त्यात घालणं. बाजारभावांची एक साइट माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. पॅटर्न, म्हणजे पत्त्याचा साचा, होता जिल्हा, मग पीक, मग शीर्षक. 2023 मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचं छत्रपती संभाजीनगर झालं. संपादकांनी टॅक्सॉनॉमीत (ड्रुपलच्या वर्गवारीत) टर्मचं, म्हणजे त्या वर्गाचं, नाव बदललं आणि काम संपलं असं समजले. पण टर्म बदलली म्हणून तिच्याशी जोडलेल्या नोडचे (पानांचे) पत्ते बदलत नाहीत. नोड पुन्हा सेव्ह झाला किंवा पत्ते मुद्दाम नव्याने बनवले तरच नवा पत्ता बनतो. नंतर ज्या पानांना कुणी हात लावला ती नव्या नावाखाली गेली, बाकीची जुन्याच. साइडबारचे ब्लॉक पत्त्याच्या पहिल्या भागावरून दिसायचे, त्यामुळे निम्म्या पानांवरून ते गायब.

मग कुणीतरी घाईघाईत बल्क जनरेटमध्ये जाऊन सगळेच पत्ते नव्याने बनवले. पाथऑटोचं मूळ सेटिंग जुना पत्ता पुसून टाकण्याचं असतं, आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणारं रीडायरेक्ट मॉड्यूल बसवलेलंच नव्हतं. शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरलेल्या लिंका उघडल्या की 404, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. शेवटी बॅकअपमधून जुन्या पत्त्यांचं टेबल काढून एकेक रीडायरेक्ट उभा केला. ‘एका क्लिकचं तर काम’ म्हणणारे तेव्हा फोनही उचलत नव्हते.

माझी सवय अशी: टर्मला ‘पत्त्यातलं नाव’ असं वेगळं टेक्स्ट फील्ड द्यायचं, रोमन लिपीत, आणि एकदा भरलं की त्याला कुणी शिवायचं नाही. टोकन त्याचंच घ्यायचं. पाटीवर अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तरी लिंक चालू राहते. पत्त्यात जुनं नाव राहिलेलं मालकाला खपणार नसेल, तर जिल्हा पत्त्यात घालूच नका. आणि रीडायरेक्ट मॉड्यूल पहिल्या दिवशीच बसवा. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, दर वाढवून सांगतो.

रिकामं फील्ड हा दुसरा घोळ. तालुका भरला नसेल तर पाथऑटो कुरकुर करत नाही, तो भाग गाळून पत्ता आखूड करतं, आणि पान एक पायरी वर जाऊन बसतं. पॅटर्नमधलं प्रत्येक फील्ड सक्तीचं करा.

तारीख हवी असेल तर ‘बदल केल्याची’ कधीच नको. दर सेव्हला पत्ता हलतो. बाजाराच्या दिवसाचं स्वतंत्र फील्ड ठेवा.

पत्त्याच्या शेवटी ‘-0’ चिकटलेलं दिसलं की समजा, दोन पानांचा पत्ता एकच बनतोय आणि पॅटर्न अपुरा आहे.

एकाहून जास्त नोंदी घेणाऱ्या फील्डचं अख्खं टोकन घेतलंत तर तीन तालुक्यांची मालगाडी पत्त्यात येते. फक्त पहिल्या नोंदीचं टोकन घ्या.

देवनागरी पत्ता मला आवडतो, पण कॉपी केल्यावर बहुतेक वेळा एका अक्षरचिन्हाची नऊ चिन्हं होतात. नुसतं ‘मुंबई’ 45 चिन्हांचं. म्हणून वर रोमन म्हटलं.

पॅटर्न सेव्ह करण्याआधी मी मुद्दाम वाकडे नोड बनवतो: एकाला तालुका नाही, दोघांचं शीर्षक तेच, एकाचं शीर्षक मारुतीच्या शेपटीएवढं. नमुन्याच्या गोंडस नोडवर तपासून काहीच कळत नाही.