शाळेचं वाय-फाय तपासायला जाण्याआधी

आधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. आपण कुठेही जोडणार नाही, फक्त ऐकणार आहोत, तरीही कागद हातात असू द्या. राउटर साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी बीकन (हवेत सोडलेला छोटा रेडिओ संदेश) सोडतो आणि त्यात स्वतःची बरीचशी माहिती उघडपणे सांगतो. ती टिपून घ्यायला पासवर्ड लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो शाळेच्या स्वतःच्या उपकरणांच्या यादीला: कोणता राउटर कोणत्या खोलीत आणि त्याचा बीएसएसआयडी (राउटरच्या रेडिओचा वेगळा ओळखक्रमांक) काय. हा स्टिकरवरून उतरवू नका, राउटरच्या सेटिंगमधून घ्या. एकाच राउटरच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यांचे बीएसएसआयडी वेगळे असतात आणि स्टिकरवरच्या आकड्याशी जुळतीलच असं नाही. ही यादी नसेल तर शाळेचंच नाव लावून बसलेला परका राउटर ओळखायचा कसा?

विंडोजचा लॅपटॉप नाव, चॅनल (राउटर वापरतो तो रेडिओ पट्टा) आणि सुरक्षेचा प्रकार दाखवतो. खोलात जायचं तर लिनक्स हवं. अँड्रॉइड फोन नेणार असाल तर लोकेशन चालू ठेवा. अँड्रॉइड ९ पासून अ‍ॅपला दोन मिनिटांत चारच स्कॅन करता येतात, म्हणून प्रत्येक खोलीत जरा थांबावं लागेल.

वहीत सुरक्षेसाठी मोठा रकाना आखा. डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी (जुन्या, कमकुवत सुरक्षा पद्धती) दिसलं तर लाल खूण. सीसीएमपी (त्यांच्या नंतरचं एन्क्रिप्शन) सोबत पीएसके (सगळ्यांना एकच पासवर्ड) म्हणजे डब्ल्यूपीए२ ही सुरक्षा, एसएई (पासवर्ड तपासण्याची नवी पद्धत) म्हणजे त्यापुढची डब्ल्यूपीए३. दोन्ही एकत्र असतील तर तसंच लिहा, कारण जुनी उपकरणं अजून डब्ल्यूपीए२ नेच जोडली जातात. डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) चालू आहे का, हे चुकवू नका. त्याचा आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा अंक पडताळणीचा असतो. त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालंय. नाव लपवलेलं नेटवर्कही नोंदवा. ते सुरक्षित मानू नका, फोन जोडला जाताना ते नाव उघडंच जातं.

पासवर्ड कच्चा आहे का, फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) जुनं आहे का, हे बीकन सांगत नाही. त्यासाठी राउटरची अ‍ॅडमिन सेटिंग उघडून देणारं कुणीतरी त्या दिवशी हजर राहील असं आधीच ठरवा. फेरी शाळा भरलेली असताना मारा, चॅनलवरची खरी गर्दी तेव्हाच कळते. आणि भरलेली यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, थेट मुख्याध्यापकांच्या हाती द्या.