आबांचं बीपी बघता, स्वतःचं कधी? या चुका टाळा

गणपतीला चाकरमानी घरी आले की पहिल्यांदा जाणवतं: आबा आरतीची कडवी उलटसुलट म्हणतायत, नातवाला भलत्याच नावाने हाक मारतायत. मग ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसण्यावारी न्यायचं, नाहीतर बाधा असेल म्हणून देवळात कौल लावायचा. कौल खुशाल लावा, पण विसरणं हा वयाचाच हिशेब असता तर तो सगळीकडे आणि सगळ्या काळात सारखाच लागला असता. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावी १९७७ पासून तीन दशकं ठेवलेल्या नोंदींत नव्याने डिमेन्शिया, म्हणजे स्मरण आणि समज ढासळण्याचा आजार, होण्याचं प्रमाण दर दशकाला सुमारे २० टक्क्यांनी घटलं. घट दिसली ती शाळा पूर्ण केलेल्यांतच, हेही खरं. आपल्याकडे साठीपुढच्या शंभरातल्या सातेक जणांना डिमेन्शिया आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आबांभोवती गोळा झालेल्या पन्नाशीच्या लेकांचं बीपी कुणीच बघत नाही. वाढलेला दाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं कडक करत जातो आणि त्याचा परिणाम दिसतो सत्तरीत, विसरण्याच्या रूपात. म्हणून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शियावरच्या आयोगाने २०२४ मध्ये सांगितलं की चाळिशीपासूनच वरचा आकडा १३० किंवा त्याखाली ठेवा.

दुसरी चूक आमच्याच घरातली. काकांचं बीपी नॉर्मल आलं आणि त्यांनी गोळी बंद केली. ‘आता कशाला? बरं झालंय की.’ नॉर्मल आलं होतं ते गोळीमुळेच! त्यातून पावसाळा, तालुक्याला जाणं जिवावर आलेलं. दिवाळीपर्यंत तोंड वाकडं झालं, आणि नंतर काका ओटीवर बसून एकच गोष्ट चारदा विचारू लागले.

गोळीसाठी शहरच गाठायला हवं असं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते. इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह हा बीपी आटोक्यात ठेवण्याचा सरकारी उपक्रम महाराष्ट्रात सुरुवातीला ज्या चार जिल्ह्यांत आला, त्यांत सिंधुदुर्ग होता. चीनमध्ये ३२६ खेड्यांतल्या सुमारे ३४ हजार लोकांवर अभ्यास झाला. जिथे गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांनी गोळ्या आणि बीपी नेटाने सांभाळलं, तिथे चार वर्षांत डिमेन्शिया १५ टक्के कमी आढळला.

मोजण्यातही घोळ होतो. घाटी चढून आल्या आल्या, चहा पिऊन किंवा मशेरी लावून लगेच मोजू नका. अर्धा तास जाऊ द्या, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, हात छातीच्या पातळीत ठेवा आणि पट्टा सदऱ्यावरून नको.

मिठाचं काय सांगायचं! आमटीत चिमूटभर कमी घालायचं आणि ताटात खारा बांगडा, लोणचं, पापड. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, ही मर्यादा या सगळ्यासकट आहे.

आता उलटी चूक. विसरायला लागलेल्या ऐंशीच्या आबांचं बीपी घाईने खाली ओढू नका. या आजारात ते पुष्कळदा आपसूक उतरतं, आणि जुनाच डोस चालू राहिला तर उठताना चक्कर येऊन माणूस पडतो. बसवून मोजा, मग उभं करून मोजा, आणि दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवून डोस ठरवून घ्या. बी-१२, थायरॉइड आणि कानही त्याच फेरीत तपासून घ्या. त्यांच्यामुळे आलेला विसराळूपणा बरेचदा सुधारतो.

आबांचं झालं की पट्टा लगेच डब्यात ठेवू नका. पुढचा दंड तुमचा.