लघवीचा रंग कसा पाहावा, आणि त्यावरून किडनीबद्दल काय कळतं

लघवी गडद पिवळी दिसली की किडनीत बिघाड झाल्याची धास्ती बसते. बहुतेक वेळा प्रकार उलटा असतो: शरीरात पाणी कमी पडलेलं असतं आणि किडनी ते नेटाने वाचवत असते. म्हणजे रंगावरून किडनी किती पाणी राखून ठेवते आहे ते कळतं. ती निरोगी आहे की नाही, हा वेगळा प्रश्न आहे.

पिवळेपणा येतो तो युरोबिलिन या द्रव्यामुळे. जुन्या लाल रक्तपेशी मोडल्या की हिमोग्लोबिनपासून ते तयार होतं आणि रोज साधारण तेवढंच बनतं. बदलतं ते पाण्याचं प्रमाण. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा रक्तात परत घेतात. बाहेर पडते ती दीड-दोन लिटर लघवी. पाणी कमी पडलं की मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक जास्त सुटतं आणि किडनीच्या नलिका आणखी पाणी परत ओढतात. पण या काटकसरीलाही मर्यादा आहे. दिवसभरातला कचरा बाहेर टाकायला निदान अर्धा लिटर लघवी लागतेच.

रंग पाहायचा तर सकाळची पहिली लघवी सोडून द्या. रात्रभर पाणी न प्यायल्याने ती गडदच असणार. त्यानंतरची, शक्यतो दुपारची पाहा. कमोडमधल्या पाण्यात मिसळली की रंग फिका वाटतो, म्हणून थोडी लघवी पारदर्शक कपात घ्या, मागे पांढरा कागद धरा आणि दिवसाच्या उजेडात बघा. पिवळ्या बल्बखाली कोणतीही लघवी जास्त गडद दिसते.

फिकट पिवळा रंग असेल तर ठीक. ठळक पिवळा असेल तर पुढच्या तासाभरात एक-दोन पेले पाणी प्या. मधासारखा किंवा त्याहून गडद रंग, उग्र वास आणि नेहमीपेक्षा कमी लघवी असेल, तर पाणी नक्कीच कमी पडतंय असं धरून चाला. अगदी पाण्यासारखी स्वच्छ लघवी हे ध्येय नव्हे. दिवसभर तशीच होत असेल तर बहुधा गरजेपेक्षा जास्त पाणी पोटात जातंय.

एकट्या रंगावर फार भिस्त ठेवू नये. खेळाडूंसाठी वापरली जाणारी एक साधी पद्धत कुणालाही उपयोगी पडते: सकाळी उठल्यावर वजन, लघवीचा रंग आणि तहान या तीन गोष्टी बघायच्या. वजन नेहमीच्या सकाळपेक्षा एक टक्क्याहून जास्त उतरलंय, लघवी गडद आहे, तहान लागली आहे, यांपैकी दोन गोष्टी जुळल्या तर पाणी कमी पडलं असण्याची शक्यता बरीच. इथे सकाळचीच लघवी चालते, कारण तुलना रोज त्याच वेळेशी होते.

रंग फसवतोही. बी-२ जीवनसत्त्वाच्या गोळीने लघवी झगझगीत पिवळी होते, क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिन या औषधाने नारिंगी, बीट खाल्ल्यावर काहींना गुलाबी. याहून धोकादायक फसवणूक उलट्या बाजूची. मधुमेहात साखर खूप वाढली असेल किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीर कोरडं पडत असतानाही लघवी फिकट राहू शकते. वय वाढलं की तहान कमी लागते आणि किडनीची लघवी घट्ट करण्याची ताकदही घटते, त्यामुळे वृद्धांच्या बाबतीत रंगापेक्षा कोरडी जीभ, उभं राहताना येणारी चक्कर आणि लघवीचं प्रमाण पाहावं.

भरपाई करताना एका दमात लिटरभर पाणी ओतू नका. तसं केल्याने रक्त जरा पातळ होतं, व्हॅसोप्रेसिन थांबतं आणि बरंचसं पाणी लगेच लघवीवाटे निघून जातं. रंग फिका झाला म्हणून तूट भरली असं होत नाही. दर १५-२० मिनिटांनी १५० ते २०० मिलि घ्या. भरपूर घाम गाळून वजन एक किलो उतरलं असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर लागेल, आणि सोबत मीठ असलेलं खाणंही हवं. तासाला लिटरभर किंवा त्याहून जास्त नुसतं पाणी तासन्‌तास पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरून जिवावर बेतू शकतं.

जुलाब-उलट्यांत साधं पाणी पुरत नाही, ओआरएस घ्यावं. पुडीवर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात पूर्ण पुडी विरघळवा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा ५ मिलिचा, चहाचा. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून अंदाजाने टाकू नका.

एखाद्या दिवशी पाणी कमी प्यायलं तर निरोगी किडनी ते निभावून नेते. रोजचंच झालं तर मात्र घट्ट लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक आम्लाचे स्फटिक धरू लागतात आणि मुतखडा होतो. एकदा खडा झालेल्यांनी रोज किमान अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं. मोजायचं असेल तर एक दिवस सगळी लघवी मापाच्या भांड्यात मोजून बघा.

दुसरा धोका झटपट येतो. तीव्र निर्जलीकरणात किडनीचा रक्तपुरवठा घटतो आणि त्यातच आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक घेतली तर किडनीत रक्त आणणाऱ्या वाहिन्या आणखी आवळतात. अंग दुखतंय म्हणून जुलाबात किंवा उन्हात राबल्यावर ही गोळी घेण्याची सवय फार वाईट. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधं चालू असतील तर जुलाब-उलट्या सुरू होताच डॉक्टरांना विचारा. काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. हृदय कमजोर असणाऱ्यांनी, डायलिसिसवर असणाऱ्यांनी डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पाण्याचं प्रमाण सोडू नये.

पाणी पिऊनही ६ ते ८ तास लघवी झाली नाही, लघवी लाल किंवा कोलासारखी काळपट आली, डोळे पिवळे दिसू लागले, किंवा माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळाचा डायपर ६ तास कोरडा असेल, टाळू खोल गेली असेल तरी तेच.

किडनीच्या जुनाट आजारात तर लघवी बऱ्याचदा फिकटच असते, कारण ती घट्ट करण्याची क्षमता आधी जाते. रात्री वारंवार उठावं लागतं. म्हणून मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी रंग कितीही चांगला दिसला तरी वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो एक कचरा) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) व क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर तपासून घ्यावं. नमुना देण्याआधी मुद्दाम भरपूर पाणी पिऊन जाऊ नका. लघवी फार पातळ असेल तर लघवीत पट्टी बुडवून करायच्या साध्या तपासणीत थोडं प्रथिन असलं तरी ते निसटून जातं.