बुलेट असो की आरएक्स १००, कार्बचे जेट घरी बदलताना

फ्री-फ्लो सायलेन्सर किंवा उघडा एअर फिल्टर बसवला की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं: थ्रॉटल सोडल्यावर फटाके फुटतात, इंजिन जास्त तापतं. तरी लगेच मेन जेट (कार्ब्युरेटरमधला, बारीक भोकातून पेट्रोल मोजून सोडणारा मुख्य पितळी तुकडा) वाढवू नका. थ्रॉटलच्या मुठीवर कागदी टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा आणि गाडी कुठे अडखळते ते बघा. पावपर्यंतचा त्रास पायलट या लहान जेटचा, मधला नीडलचा, म्हणजे कार्बमधल्या सुईचा, पाऊणच्या पुढचा मेनचा. त्या जागी चोक थोडा ओढून गाडी सुधारली तर लीन, आणखी बिघडली तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. ‘पिकअप नाही’ म्हणून सरसकट मेन वाढवलेली गाडी नुसती पेट्रोल पिते.

इंजिन थंड, पेट्रोल कॉक बंद. गॅलरीत काम करत असाल तर जवळपास गॅस गिझर किंवा दिवा चालू नाही ना, हेही बघा. खाली स्टीलची वाटी धरून फ्लोट बाऊल, म्हणजे कार्बच्या तळाचं पेट्रोलचं भांडं, रिकामा करा.

बाऊलचे स्क्रू साध्या फुलीचे दिसतात, पण बरेचदा जपानी जेआयएस मापाचे असतात. साधा स्क्रूड्रायव्हर त्यात घसरतो आणि स्क्रूचं डोकं खातो. मूठ हातोडीने हलकी ठोका, पूर्ण जोर देऊन दाबा, मगच फिरवा. मेन जेट मधोमध असतो. त्याच्यासोबत खालची नळी फिरू लागली तर ती पान्याने धरा. पायलट शेजारच्या खोल भोकात असतो. पितळ मऊ, त्यामुळे खाच पूर्ण भरेल असंच पातं हवं. एकदा खाच गेली की जेट काढताना घाम फुटतो.

जेटवरचा आकडा वाचा आणि एकच पायरी वर जा, म्हणजे २.५ किंवा ५. मिकुनी आणि केहिन या कार्ब कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. नवा जेट आधी बोटांनी बसवा, टेकला की किंचित आवळा. अॅल्युमिनियमचे आटे गेले तर कार्बच गेला. जेटच्या भोकात तार घालू नका, भोक मोठं होतं.

इथेनॉलच्या पेट्रोलने फुगलेली बाऊलची ओ-रिंग (रबरी कडं) खाचेत बसत नाही. ती दाबून बसवू नका, नवी घाला. मिश्रणाचा स्क्रू हळूच पूर्ण आत नेऊन दीड ते दोन फेरे बाहेर काढा. तो फिल्टरच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यावर रिच, इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर.

बाऊलमधून पेट्रोल गळायला लागलं तर बहुधा फ्लोटच्या सुईखाली कचरा अडकलेला असतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बाऊलला दोन टिचक्या मारा. नाही थांबलं तर पुन्हा उघडा.

इंजिन तापल्यावर मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल, मग क्लच दाबून लगेच इंजिन बंद. प्लग काढा: बिस्किटी रंग ठीक, काळी काजळी रिच, पांढरा लीन. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकमध्ये मात्र नेहमी रिचकडून खाली या. तिथे लीन मेन जेट पिस्टन जाम करतो.

जुने जेट चिठ्ठी लावून ठेवा. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या लेहला हवा विरळ असल्याने इथलं नीट मिश्रण रिच होतं. तेव्हा तोच लहान जेट लागतो.