डबल ट्रॉली रस्त्यावर काढण्याआधी

आपल्या सोलापूर जिल्ह्यात हंगाम लागला की माढ्यापासून मंगळवेढ्यापर्यंत उसाच्या डबल ट्रॉल्या सुरू होतात. दरवर्षी नवी पोरं स्टेअरिंगवर बसतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

ओढायचं काम ट्रॅक्टर करतो. अवघड असतं ते थांबवणं. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. तुम्ही पेडल दाबता, ट्रॅक्टर थांबायला बघतो आणि मागचा ऊस त्याला पुढं रेटतो.

म्हणून फडातून निघताना पहिल्यांदा ब्रेकची दोन्ही पेडल एकत्र जोडणारी पट्टी बघा. रानात वळायला डावा-उजवा ब्रेक सुटा वापरतो. डांबरीवर दोन्ही पेडल जोडलेलीच हवीत. एकच दाबलं गेलं तर ट्रॅक्टर त्या बाजूला ओढतो आणि भरल्या ट्रॉल्या त्याला आडवा करतात.

ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या खालच्या हूकलाच जोडा. चिखलात जोर मिळावा म्हणून वर जोडा असं कुणी सांगेल, ऐकू नका. ओढ मागच्या ॲक्सलच्या वरून बसली की पुढची चाकं उचलतात, ट्रॅक्टर मागं उलटू शकतो. पिनला क्लिप आणि दोन्ही ट्रॉल्यांना साखळी हवीच.

मुकादमाला भरायच्या आधीच सांगा, जड ट्रॉली पुढं, हलकी मागं. उलटं भरलं तर मागची शेपटासारखी हलत राहते.

उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाका. न्यूट्रल करून डिझेल वाचवणं मला अजिबात पटत नाही. इंजिनचा अटकाव गेला की सगळा भार ब्रेकवर येतो. डबल ट्रॉली रिव्हर्स घेणं जवळपास अशक्य, त्यामुळं फडात शिरतानाच बाहेर पडायची वाट ठरवा.

रात्रीचं मात्र मनापासून सांगतो. रिफ्लेक्टर असतो, पण लोंबणारा ऊस आणि चिखल त्याला झाकून टाकतात. खाली उतरा, मागं जाऊन बघा, लोंबणारा ऊस कापा, फडक्यानं पुसा. पुणे महामार्गावर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अंधारात तेवढंच दिसतं. टेपचा आवाजही कमी ठेवा, मागच्याचा हॉर्न ऐकू आला पाहिजे.

पंक्चर झालं तर चाकाला दगड लावता, ठीक. मागं काही अंतरावरही कुणीतरी बॅटरी घेऊन उभा करा. आणि काम झाल्यावर ते दगड तिथंच टाकून जाऊ नका, उचलून साइडपट्टीच्या पलीकडं टाका.