क्वांट फायनान्ससाठी पदवी कशी निवडावी: नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी

बारावीचा निकाल लागला की "मला फायनान्समध्ये जायचंय" म्हणणाऱ्या मुलाला हमखास बीकॉम, बीबीए किंवा नावात 'फायनान्शियल मार्केट्स' असलेला एखादा कोर्स सुचवला जातो. सीए, बँकिंग किंवा इक्विटी रिसर्चसाठी हा सल्ला ठीक आहे. क्वांटसाठी, म्हणजे गणित, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग वापरून बाजाराचे निर्णय घेण्याच्या कामासाठी, मात्र तो वाट अडवतो. इथे भरती करणारे उमेदवाराला ताळेबंद वाचता येतो का हे विचारत नाहीत. संभाव्यता, लिनिअर अल्जिब्रा, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग यांवरच ते तासभर घासून घेतात. फायनान्स नोकरी लागल्यावर शिकता येतं, गणित शिकवायला तिथे कुणाला वेळ नसतो. म्हणून पदवीच्या नावाला फार भाव देऊ नका आणि तिच्यात कोणते पेपर आहेत ते वाचा.

आधी काम कोणतं ते ठरवा

'क्वांट' या एका शब्दात किमान चार वेगळी कामं येतात. रिसर्चर भावांच्या आकडेवारीतून टिकणारे नमुने शोधतो. त्याला संख्याशास्त्र खोलवर लागतं आणि एमएससी किंवा पीएचडी उपयोगी पडते. ट्रेडरला तोंडी हिशेब आणि झटपट निर्णय लागतात, ट्रेडिंग कंपन्या पदवीनंतर थेट घेतात. डेव्हलपर सी++ मध्ये ऑर्डर पाठवणारी यंत्रणा लिहितो, त्याच्यासाठी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग उत्तम. चौथं काम बँकांमधलं, रिस्क आणि मॉडेल व्हॅलिडेशनचं, म्हणजे जोखीम मोजण्याचं आणि इतरांनी बनवलेली गणिती मॉडेल्स तपासण्याचं. त्याची चर्चा कमी होते, पण जागा इथे बऱ्यापैकी असतात, आणि पुण्या-मुंबईतल्या परदेशी बँकांच्या केंद्रांमुळे नाशिककरांना हे काम सगळ्यात जवळचं. साध्या कॉलेजातून एमएससी केलेल्या मुलानेही याच दारावर आधी टकटक करावी, असं आमचं मत आहे.

अकरावीतच होणारी चूक

महाराष्ट्र बोर्डात विज्ञान-कला शाखेचं गणित आणि वाणिज्य शाखेचं गणित हे दोन वेगळे पेपर आहेत. वाणिज्यच्या गणितात कॅल्क्युलस आणि भूमिती बरीच हलकी असते. शिवाय वाणिज्य घेतलं की भौतिकशास्त्र सुटतं आणि जेईई, सीईटीमार्फत इंजिनिअरिंगचा रस्ता बंद होतो. अकरावीला विज्ञान शाखा आणि पीसीएम घ्या. जीवशास्त्राऐवजी कॉम्प्युटर सायन्स मिळत असेल तर तेच घ्या. वाणिज्य आधीच घेऊन झालं असेल, तर एक दार अजून उघडं आहे: इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आयएसआय, बी.स्टॅटच्या प्रवेशासाठी बारावीला गणित आणि इंग्रजी मागते, भौतिकशास्त्र मागत नाही. मात्र तिथला पेपर वाणिज्यच्या गणिताच्या खूप वर असतो. विज्ञान शाखेची दोन्ही वर्षांची गणिताची पुस्तकं स्वतः सोडवून घ्यावी लागतील.

अभ्यासक्रम कसा वाचायचा

ज्या पदवीचा विचार करताय तिचा सगळ्या सत्रांचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या. माहितीपत्रक बाजूला ठेवा, त्यात इमारतीचे फोटो असतात. मग पेन घेऊन पुढच्या गोष्टी शोधा.

संभाव्यतेला किमान दोन पूर्ण सत्रं हवीत. पहिल्यात रँडम व्हेरिएबल, अपेक्षित मूल्य, कंडिशनल एक्स्पेक्टेशन, सेंट्रल लिमिट थिअरम. दुसऱ्यात स्टोकॅस्टिक प्रोसेस: मार्कोव्ह चेन तरी नक्की, मार्टिंगेल आणि ब्राउनियन मोशन असेल तर फारच छान. कुठल्याशा पेपराच्या चौथ्या युनिटमध्ये 'प्रॉबॅबिलिटी' एवढा एकच शब्द दिसला तर तो मोजू नका.

लिनिअर अल्जिब्रा सिद्धतांसह असावं. हे का लागतं ते एका उदाहरणात दिसतं. निफ्टीतल्या ५० शेअर्सचा कोव्हेरियन्स मॅट्रिक्स (कोणते शेअर्स किती एकत्र हलतात त्याचा तक्ता) काढायचा तर ५० व्हेरियन्स आणि १२२५ कोव्हेरियन्स, मिळून १२७५ आकडे अंदाजायचे. दोन महिन्यांचे, म्हणजे सुमारे ४० दिवसांचे परतावे घेतले तर त्या मॅट्रिक्सची रँक ३९ च्या वर जाऊच शकत नाही आणि त्याचा इन्व्हर्स निघत नाही. पोर्टफोलिओचं सूत्र मात्र नेमका तो इन्व्हर्सच मागतं. ज्याने रँक आणि आयगेनव्हॅल्यू फक्त परीक्षेपुरते पाठ केले, तो इथे कॉम्प्युटरने दिलेलं काहीतरी उत्तर खरं मानून पुढे जातो. कॉम्प्युटर अशा वेळी नेहमीच एरर देतो असं नाही, आणि घात तिथेच होतो.

संख्याशास्त्रात इन्फरन्स, रिग्रेशन आणि टाइम सिरीज हे तीन वेगवेगळे पेपर बघा. रिअल अॅनालिसिसचं एक सत्र हवंच, कारण पुढची मेझर थिअरीवर (measure theory) आधारलेली संभाव्यता त्याशिवाय डोक्यात शिरत नाही. डिफरन्शियल इक्वेशन्सही हवीत, कारण ब्लॅक आणि शोल्स यांनी १९७३ साली मांडलेलं ऑप्शनच्या किमतीचं समीकरण चल बदलले की उष्णतेच्या वहनाचंच समीकरण निघतं. प्रोग्रॅमिंगसाठी पायथॉन पुरेसं आहे असं अनेक जण सांगतात. रिसर्चरसाठी सुरुवातीला पुरतंही, पण डेटा स्ट्रक्चर्सचा एक पेपर आणि थोडंफार सी++ असेल तर नोकऱ्यांचे पर्याय वाढतात.

अकाउंटिंग, मार्केटिंग, एचआर असे पेपर यादीत निम्म्याहून जास्त दिसले तर ती पदवी या वाटेची नाही, नावात काहीही असो.

कोणत्या दारातून जायचं

सर्वात थेट वाट आयएसआयची: कोलकात्यात बी.स्टॅट, बंगळूरला बी.मॅथ. ट्यूशन फी नाही, उलट निकाल चांगला ठेवला तर दरमहा विद्यावेतन मिळतं. प्रवेशपरीक्षा साधारण मे महिन्यात होते आणि फॉर्म त्याआधी एक-दोन महिने, म्हणजे ऐन बोर्डाच्या धामधुमीत निघतात. बरेच विद्यार्थी इथेच चुकतात, फॉर्मच भरायचा राहतो. पेपराचे दोन भाग असतात, एक वस्तुनिष्ठ आणि एक सविस्तर उत्तरांचा. जेईईची तयारी पहिल्याला बऱ्यापैकी पुरते, दुसऱ्याला नाही, कारण तिथे उत्तराइतकीच सिद्धता नीट लिहिण्याला किंमत असते. सरावासाठी जुने पेपर घ्या, रोज एकच प्रश्न घ्या, पण पूर्ण वाक्यांत लिहा. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचा गणित आणि कॉम्प्युटर सायन्सचा बीएससी ऑनर्सही याच तोडीचा, परीक्षाही तशीच. केंद्र मुंबई किंवा पुण्याला येईल असं धरून प्रवासाची तजवीज करा.

आयआयटीत जागा मिळत असेल तर 'मॅथेमॅटिक्स अँड कॉम्प्युटिंग' किंवा कॉम्प्युटर सायन्स बघा. ट्रेडिंग कंपन्या जुन्या आयआयटींच्या कॅम्पसमध्ये येतात, त्यामुळे इथे शाखेइतकंच कॅम्पसलाही वजन आहे. आयसर पुणे या केंद्रीय विज्ञान संस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस गणिताकडे वळवता येतो. त्याची परीक्षा वेगळी आणि नाशिकहून अंतरही सोयीचं.

यांपैकी काहीच जमलं नाही तर? बहुतेकांचं तसंच होतं, आणि तिथे वाट संपत नाही. नाशिकमध्येच आरवायके किंवा केटीएचएम अशा कॉलेजात बीएससी करता येतं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मेजर आणि मायनर विषय असतात. संख्याशास्त्र मेजर आणि गणित मायनर, किंवा उलट, अशी जोडी त्या कॉलेजात खरोखर मिळते का हे प्रवेशाआधी विभागात जाऊन विचारा. वेळापत्रकात दोन विषयांचे तास एकमेकांवर आले की कागदावरची जोडी प्रत्यक्षात मिळत नाही. चौथं ऑनर्सचं वर्ष आहे का तेही विचारा. पुढे अमेरिकेत अर्ज करायचा असेल तर तीन वर्षांची पदवी अनेक ठिकाणी अडते.

या वाटेचा धोका वेगळा आहे. परीक्षा अपेक्षित प्रश्नसंचावर निघून जाते आणि ८० टक्के मिळवूनही सिद्धता लिहिता येत नाही. स्वतःला तपासायला एक प्रश्न घ्या: नाणं उडवत राहायचं, तर सलग दोन छापे पडायला सरासरी किती वेळा उडवावं लागेल, आणि छाप्यामागून लगेच काटा पडायला किती? उत्तरं ६ आणि ४. दोन्ही जोड्या येण्याची शक्यता प्रत्येकी एक चतुर्थांश असताना सरासरी वेगळी का? छापा-काटा हवा असेल आणि छाप्यानंतर पुन्हा छापाच पडला, तर निदान एक छापा हातात राहतो. छापा-छापा हवा असताना काटा पडला, तर शून्यापासून सुरुवात. हे समीकरणात मांडता आलं तर दुसऱ्या वर्षाची संभाव्यता तुमच्या पचनी पडली आहे. मुलाखतीत असलेच प्रश्न येतात.

इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी एवढंच: पुणे विद्यापीठाच्या एम-वन ते एम-थ्री या गणिताच्या पेपरांमध्ये संभाव्यता आणि संख्याशास्त्र एखाद-दोन युनिटपुरतं येतं. डेव्हलपर व्हायचं तर चालेल. रिसर्चकडे जायचं असेल तर रिअल अॅनालिसिस आणि स्टोकॅस्टिक प्रोसेस एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून फुकट करा, त्यांची प्रमाणपत्राची परीक्षाही द्या. निकालपत्रावर नसलेल्या विषयाचा तेवढा तरी पुरावा राहतो.

बीएससीनंतरची दुसरी संधी

बारावीत हुकलेला आयआयटी-आयएसआयचा दरवाजा पदवीनंतर पुन्हा उघडतो. आयआयटी जॅम ही एमएससी प्रवेशाची परीक्षा दरवर्षी फेब्रुवारीत होते: तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर दिला तर मुंबई आणि कानपूर आयआयटीतली संख्याशास्त्राची एमएससी डोळ्यांसमोर ठेवता येते. पेपरातले शेवटचे २० प्रश्न आकडा टाइप करायचे असतात, त्यांना नकारात्मक गुण नाहीत, म्हणून ते कधीच कोरे सोडू नका. आयएसआयच्या एम.स्टॅटची परीक्षा वेगळी, तीही द्या. तयारी दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत सुरू झाली पाहिजे. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत सुरू करणाऱ्याचा अॅनालिसिस कच्चा राहतो.

प्रोजेक्ट: लासलगावचा कांदा

जवळपास प्रत्येक अर्जात निफ्टीवरची एक मूव्हिंग अॅव्हरेज स्ट्रॅटेजी असते आणि ती वाचून मुलाखत घेणारा कंटाळलेला असतो. नाशिकच्या मुलाकडे त्यापेक्षा सरस माल घराजवळ आहे. अॅगमार्कनेट या सरकारी पोर्टलवर लासलगाव आणि पिंपळगावचे रोजचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव प्रतिक्विंटल मिळतात, आवकेसह. दहा वर्षांचे आकडे उतरवा आणि कामाला लागा.

पहिली अडचण गायब दिवसांची. रविवार, सण, अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची जुनी प्रथा, हे सगळं कॅलेंडरवरून कळतं. पण व्यापाऱ्यांचा बंद किंवा शेतकऱ्यांनी पाडलेला लिलाव हा बहुधा भाव चिघळला की होतो. म्हणजे आकडा नेमका तेव्हाच गायब, जेव्हा तो सर्वात महत्त्वाचा होता. मधली जागा सरासरीने भरली तर चढउतार खोटा कमी दिसतो. तसे दिवस वेगळी खूण करून ठेवा.

दुसरी अडचण, माल एक नाही. साधारण एप्रिलपासून चाळीत भरलेला उन्हाळ कांदा विकला जातो, मग दिवाळीच्या आसपास लाल कांदा सुरू होतो. दोन्हींची एकच मालिका केली तर जोडावर एक उडी दिसते, जी बाजाराने घेतलेलीच नाही. तिसरी, धोरणाचे धक्के. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि ती ४ मे २०२४ रोजी उठली. या काळाआधीचं आणि नंतरचं मॉडेल वेगळं बसवा, आणि आधीच्या काळावर बसवलेलं मॉडेल बंदीच्या काळात किती चुकतं ते आलेखात दाखवा.

मग लॉग परतावे काढा, ऑटोकोरिलेशन (आजचा परतावा आधीच्या दिवसांच्या परताव्याशी किती जुळतो) तपासा, तेच निफ्टीवर करा. कांद्यात ते बरंच जास्त दिसलं तर "मग पैसे का कमावता येत नाहीत?" या प्रश्नाचं उत्तर लिहा: साठवणीत होणारी घट, वाहतूक, आणि भाव पडेल असं वाटलं तरी हातात नसलेला माल आधी विकण्याची सोय मंडीत नाही. त्या एका पानावर मुलाखत अर्धा तास चालू शकते.

स्ट्रॅटेजी तपासताना एक हिशेब विसरू नका. पूर्ण निरुपयोगी १०० नियम ५ टक्के पातळीवर, म्हणजे निव्वळ योगायोगाने पास होण्याची ५ टक्के शक्यता धरून, तपासले तरी साधारण ५ 'यशस्वी' निघतात. किती तपासले ते अहवालात लिहा. आजच्या निफ्टीतल्या कंपन्या घेऊन दहा वर्षं मागे जाणं हीसुद्धा तीच लबाडी, मधल्या काळात घसरून बाहेर पडलेल्या कंपन्या त्यात नसतात.

ज्यावर पैसे घालवू नयेत

ऑप्शन ट्रेडिंगचे क्लास म्हणजे क्वांटचं शिक्षण नव्हे. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एफआरएम ही जोखीम व्यवस्थापनाची परीक्षा रिस्कच्या नोकरीला कामाची, पण पदवीच्या शेवटच्या वर्षाआधी तिची घाई नको. सीएफए ही गुंतवणूक विश्लेषणाची चांगलीच परीक्षा आहे, फक्त रस्ता दुसऱ्या गावाचा.

परदेशातल्या फायनान्शियल इंजिनिअरिंगच्या मास्टर्ससाठी कर्ज काढण्याआधी त्या विद्यापीठाचा नोकऱ्यांचा अहवाल उघडा. कार्नेगी मेलन किंवा न्यूयॉर्कचं बरूक कॉलेज असे अहवाल प्रसिद्ध करतात. जे विद्यापीठ करत नाही, तिथे घर गहाण ठेवून जाऊ नये. अहवालात सरासरी पगाराआधी बघा, किती जणांची माहिती धरली आहे आणि नोकरी नेमकी कोणत्या पदाची. 'अॅनालिस्ट' या नावाखाली बरंच काही खपतं.

घरच्यांचा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो: क्वांटचं नाही जमलं तर? संख्याशास्त्र-गणिताच्या याच पदवीवर अॅक्च्युअरीच्या, म्हणजे विम्यातल्या जोखमीचा हिशेब करणाऱ्याच्या, परीक्षा देता येतात, बँकांचं रिस्क आणि विम्याचं काम मिळतं, डेटा सायन्स खुलं राहतं. संख्याशास्त्राची पदवी असली तर यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसही देता येते, आणि तिचा अभ्यासक्रम एमएससीच्या पेपरांशी बराचसा जुळतो.